जनाबाईंचे जाते कोरडे फिरवू नका

प्रति,
पंढरपूर, गोपाळपूर आणि गंगाखेड येथील तीर्थक्षेत्र विकासाचे आराखडे आखणारे अधिकारी, तिथल्या देवस्थानांचे विश्वस्त आणि पालखी सोहळ्यांचे मानकरी यांस,

रामकृष्ण हरी.

आषाढी एकादशीनंतर पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरात येतात, काला होतो आणि मगच वारकऱ्याची वारी पुरी होते. भीमा आणि पुष्पावतीच्या संगमाजवळच्या टेकडीवर गोपाळकृष्णाचे मंदिर आहे, आणि तिथेच संत जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवले जाते. नामदेवांच्या घरची ही दासी पहाटे दळायला बसली की विठ्ठल समोर बसून दळू लागायचा, ही कथा महाराष्ट्रात ज्याला ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्या श्रद्धेने लोक खुंट्याला हात लावतात, एखादा वेढा देतात आणि पुढे सरकतात. जात्यात दाणा मात्र नसतो.

तीर्थक्षेत्राचा आराखडा म्हटला की रस्ता, वाहनतळ, सभामंडप, प्रवेशद्वार, दर्शनरांग आणि प्रसाधनगृहे ही कामे ठरलेली असतात. पाणी आणि प्रसाधनगृहे हवीतच. वारीत चालणाऱ्या बायकांना ती अजून पुरत नाहीत, त्यातला एक रुपयाही कमी करू नये. पण जनाबाईंचा खरा ठेवा तीन ठिकाणी आहे: तो दगड, त्यांचे अभंग आणि त्यांना सातशे वर्षे जिवंत ठेवणाऱ्या बायकांची ओवी. या तिन्हींसाठी आराखड्यात सहसा रकानाच नसतो. मग दगड झिजतो, अभंगांचे पाठ बिघडतात आणि ओवी गाणाऱ्या बायका एकेक करून जातात. हे गप्प राहून पाहत बसणे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आधी जात्याचे सांगतो, कारण ते सगळ्यात निकडीचे आहे.

जाते म्हणजे दोन गोल तळ्या. खालची स्थिर, तिच्या मधोमध खिळा. वरची फिरती, तिच्या मधोमध तोंड, तोंडात खिळ्यावर टेकणारी आडवी पट्टी आणि कडेला खुंटा. आपल्याकडची जाती बहुतेक काळ्या पाषाणाची. साधारण 45 सेंटिमीटर व्यासाची आणि 9 सेंटिमीटर जाडीची एक तळी घेतली तर तिचे वजन 40 किलोच्या आसपास भरते. या तळीला आतून टाकीने, म्हणजे दगडाच्या छिन्नीने, बारीक खाचे मारलेले असतात. दाणा त्या खाच्यांत सापडतो, फुटतो, भरडतो आणि कडेकडे सरकत पीठ होऊन बाहेर पडतो. दळताना दोन दगड एकमेकांना जेमतेम लागतात. मध्ये धान्याचा थर असतो आणि वरच्या तळीचा भार तो थर उचलतो.

दाणाच नसेल तर 40 किलोचा दगड दगडावरच घासतो. असे जाते दोन-तीन प्रकारे खराब होते. आधी खाचे बोथट होतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत पडतो. त्यावरचे टाकीचे जुने घाव हीच त्या दगडाची सगळ्यात मोलाची माहिती, कारण हत्यार कोणते होते आणि शेवटची टाकी कशी लावली गेली हे त्यांवरून कळते. ते पुसले की पुन्हा मिळत नाहीत. पुढे खिळ्याचे भोक रुंदावते, पट्टी सैल होते आणि वरची तळी डुगडुगू लागते. डुगडुगणारी तळी एका बाजूला टेकून फिरते, त्यामुळे तिथला काठ उडतो. शिवाय उभ्या माणसाने वाकून खुंटा ओढला की ओढ तिरकी बसते. खुंट्याचे भोक काठाजवळ असते, दगड तिथे कमजोर असतो, आणि चीर पडायची ती बहुधा तिथूनच पडते.

हिशेब करून पाहा. माणशी दहा सेकंद आणि एकच वेढा धरला तरी तासाला 360 वेढे होतात. काल्याच्या दिवशी बारा तास रांग चालली तर चार हजारांवर कोरडे वेढे. घरात दळणारी बाई आपल्या जात्याला असे कधीही करणार नाही. घास संपत आला की ती लगेच दुसरा घालते, आणि दळण सरले की हात थांबवते.

स्पर्शाने दगड झिजतो हे पंढरपुराला नव्याने सांगायला नको. विठ्ठलमूर्तीच्या पायांची झीज होते म्हणून तिच्यावर वेळोवेळी रासायनिक लेप द्यावा लागला आहे. 2024 मध्ये मुख्य मंदिराचे जतनकाम पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली झाले. तेव्हा पदस्पर्श दर्शन कित्येक आठवडे बंद ठेवले गेले, नंतरच्या काळात चढवलेली आवरणे काढली गेली आणि जुना दगड पुन्हा दिसू लागला. वारकऱ्यांनी ते समजून घेतले आणि मुखदर्शनावर समाधान मानले. देवासाठी जो नियम लावला तोच देवाच्या दळणसोबतीणीच्या दगडाला लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा धोका लेपांचा. तेल, शेंदूर, हळद-कुंकू, दूध, हार, उदबत्तीची राख हे सगळे भक्तीने वाहिले जाते. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते, त्यावर धूळ धरते आणि काळी पुटे चढतात. तेलात कालवलेल्या शेंदराचा थर दरवर्षी जाड होत जातो आणि त्याखाली टाकीचे घाव, चिरा, जुने डागडुजीचे खुणचिन्ह, काहीच दिसत नाही. मग कोणी तरी उत्साहाने साफसफाईला निघतो आणि आम्ल, सोडा किंवा तारेचा ब्रश वापरतो. पुटाबरोबर दगडाची वरची कातही जाते. त्याहून वाईट म्हणजे तैलरंग. रंगाखाली ओल अडकते, ती उन्हात वाट शोधते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

तिसरा धोका चौथऱ्याचा. जाते सिमेंटमध्ये रुतवून त्याभोवती चकचकीत फरशी आणि स्टीलचा कठडा बसवला की काम पुरे झाले असे वाटते. सिमेंट दगडाला घट्ट चिकटते आणि त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात. पुढे कधी तपासणीसाठी खालची तळी उचलायची म्हटली तर ती फोडल्याशिवाय निघत नाही. जाते आजवर सिमेंटमध्ये बसवले नसेल तर ते पुढेही बसवू देऊ नका. बसवले असेल तर घाईने उकरू नका, आधी जाणकार बोलवा.

आता हे जाते खरोखर जनाबाईंचे आहे का, हा प्रश्न. तो विचारणाऱ्याला नास्तिक ठरवून गप्प करू नये, आणि परंपरेला खोटे ठरवायची घाईही करू नये. दगड कधी घडवला गेला हे सांगणारी सोपी चाचणी नाही. शिवाय वापरातल्या जात्याची वरची तळी टाकी लावून लावून पातळ होते आणि बदलावी लागते, त्यामुळे वरची आणि खालची तळी एका वयाच्या असतीलच असे नाही. म्हणून फलकावर ‘परंपरेने मानले जाते’ एवढे तीन शब्द प्रामाणिकपणे लिहिले की पुरे. त्याने श्रद्धेला धक्का लागत नाही आणि अभ्यासकालाही काम करता येते.

फलकाचा विषय निघालाच आहे तर जनाबाईंची ओळख कशी करून दिली जाते त्याबद्दलही बोलायला हवे. नामदेवांची दासी, देव तिला मदत करायचा, तिच्या शेण्यांतून विठ्ठलनाम ऐकू यायचे, देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ आला आणि सुळाचे पाणी झाले: एवढ्या कथा सांगून लोकांना पुढे पाठवले जाते. कथा सांगाव्यातच. पण त्या घरात ही बाई करत काय होती, ते कोणी सांगत नाही, आणि ते तर त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे.

नामदेवांच्या घरातल्या माणसांची यादी देणारा एक अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. गोणाई आणि राजाई या सासू-सुना, दामाशेटी आणि नामदेव हे बापलेक, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि सगळ्यात शेवटी वेडीपिशी दासी जनी. मोजली तर पंधरा माणसे. लहानमोठे धरून माणशी रोज 400 ग्रॅम ज्वारी लागते म्हटले तर सहा किलोचे दळण झाले. हातजात्यावर चांगल्या पिठासाठी तासाला दोन-तीन किलोपेक्षा जास्त निघत नाही. म्हणजे रोज पहाटे दोन ते तीन तास नुसते दळण, आणि त्यानंतर कांडण, पाणी, झाडलोट, धुणी, शेण्या. पंधरा माणसांच्या घरात दासी हा शब्द केवढ्या कामाचा आहे, हे या हिशेबाशिवाय कळत नाही. विठ्ठल दळू लागतो, केर भरतो, न्हाण्यासाठी विसण आणून देतो, हे अभंग त्या श्रमातून आलेले आहेत.

‘सुंदर माझे जाते गे’ हा त्यांचा अभंग तर दळण जाणणाऱ्याने नीट वाचावा. त्यात जीव आणि शिव असे दोन खुंटे आहेत आणि पाची बोटे लावून ते धरले आहेत. दोन खुंट्यांचे जाते म्हणजे समोरासमोर बसून दोघींनी ओढायचे मोठे जाते. एकटीला ते जड जाते, म्हणूनच ‘तू ये रे बा विठ्ठला’ ही हाक पुन्हा पुन्हा येते. दळण दळून झाले, पीठ भरले, सासूपुढे ठेवले, आधण ठेवले, वैरले, उतू गेले: कामांचा क्रम जसाच्या तसा आहे. अध्यात्म त्या क्रमाच्या आत आहे, वरून चिकटवलेले नाही. हा अभंग त्या जात्याशेजारी मोठ्या अक्षरात नसेल तर दर्शनाला येणाऱ्याला आपण अर्धेच दाखवत आहोत.

इथून अभंगांच्या पाठाकडे येतो. सुमारे साडेतीनशे अभंग जनाबाईंच्या नावावर छापले जातात, आणि ते नामदेवांच्या गाथेला किंवा सकळ संतांच्या गाथेला जोडून छापले जातात. ‘नामयाची जनी’, ‘दासी जनी’, ‘जनी म्हणे’ अशा वेगवेगळ्या नाममुद्रा त्यांत आहेत. कृष्णजन्म, बाळक्रीडा, थाळीपाक, हरिश्चंद्राख्यान अशी मोठी प्रकरणेही त्यांच्या नावावर आहेत, आणि मुक्तेश्वरांसारख्या पंडित कवीला त्यातून स्फूर्ती मिळाली असे वाङ्मयाच्या इतिहासात सांगितले जाते. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांना माहीत आहे. तशीच मिसळ जनाबाईंच्या बाबतीतही असणार. ती निवडून दाखवणारी, कोणत्या अभंगाला कोणत्या बाडाचा, म्हणजे जुन्या हस्तलिखित वहीचा, आधार आहे हे सांगणारी आणि पाठभेद देणारी चिकित्सक प्रत वाचकाच्या हातात सहज यायला हवी. जुनी गाथा उघडून पाहणारा हल्ली क्वचितच, त्यामुळे फोनवर फिरणारा पाठ हाच खरा समजला जातो. त्यात चरण गळलेले असतात, ‘गे’चे ‘गं’ होते आणि दुसऱ्या कोणाची रचना जनीच्या नावावर खपते.

जनाबाईंचे शब्द कोणी लिहून घेतले, हा प्रश्न जुन्यांनाही पडला होता. कोणत्या संताचा लेखक कोण, हे सांगणारा एक अभंग आहे. मुक्ताईची वचने ज्ञानदेवांनी लिहिली, सावता माळ्यांचा लेखक काशिबा गुरव, चोखोबांचा अनंतभट्ट, आणि जनीचा लेखक पांडुरंग. याचा साधा अर्थ असा की त्यांच्या घरी लेखणी घेऊन बसणारे माणूस नव्हते. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात गेली आणि तिथे त्यांचा पाठ ठरून राहिला. जनाबाईंना तसा ग्रंथ मिळाला नाही. त्या टिकल्या कीर्तनकारांच्या बाडांत आणि बायकांच्या गळ्यात.

बायकांच्या गळ्यातली जनी अभंगातल्या जनीहून थोडी वेगळी आहे. जात्यावरच्या ओव्यांत रुक्मिणी विठ्ठलाला विचारते की ही जनी तुमची कोण. विठ्ठल जनीची वेणी घालतो, तिच्याबरोबर शेण्या वेचायला जातो, रुक्मिणी रुसते, आणि गाणारी बाई कधी एकीची बाजू घेते कधी दुसरीची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे, आणि या संग्रहाचे मोल तिथेच आहे. कारण एरवी ओवी छापताना ‘लोकगीत’ म्हणून सोडून देण्याची वाईट खोड आपल्याला आहे. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी म्हणायचे कारणच राहिले नाही. ज्या बायकांनी स्वतः रोज दळले, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. पंढरपूर आणि गंगाखेड या दोन तालुक्यांत त्यांचे आवाज घेण्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.

हे काम अवघड नाही, पण बेफिकीरपणे केले तर वाया जाते. जात्याची घरघर शब्दांवर चढते, म्हणून जात्याखाली घोंगडी किंवा जाड गोणपाट घालावे आणि माइक जात्यापासून दूरच्या बाजूला, बाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा खाली लावावा. प्रत्येक ओवी दोनदा घ्यावी, एकदा दळताना आणि एकदा नुसती, कारण हात थांबला की चाल बदलते आणि दोन्ही नोंदी लागतात. दळणात पाव-अर्धा किलो ज्वारी खरोखर घालावी. रिकाम्या जात्यावर लय येत नाही. ध्वनी न दाबता मूळ स्वरूपात साठवावा. लिहून घेताना बोली सुधारू नये, ‘इठ्ठल’ म्हटले तर ‘इठ्ठल’च लिहावे. नाव, गाव, माहेर, सासर, ओवी कोणाकडून शिकली आणि ती ऐकवायची परवानगी आहे का, हे बाईच्या समोर लिहून तिला वाचून दाखवावे. दिवसाची मजुरी बुडते, तिचा मोबदला त्याच दिवशी द्यावा. चहा आणि शाल यांवर भागवू नये.

गंगाखेडबद्दल थोडक्यात. जनाबाई तिथल्या, दमा आणि करुंड हे त्यांचे आईवडील, असे परंपरा सांगते. गोदाकाठी त्यांचे समाधीमंदिर आहे. दुसरीकडे नामदेवांच्या घरातल्या मंडळींबरोबर त्या पंढरपुरात महाद्वाराशी, नामदेव पायरीपाशी समाधिस्थ झाल्या अशीही परंपरा आहे. जनाबाई आणि नामदेव या दोघांची समाधीची तिथी एकच, शके 1272 मधली आषाढ वद्य त्रयोदशी, म्हणजे 1350 साल. या दोन परंपरांत भांडण लावायचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी दोन्ही सांगाव्यात, आणि काठावरच्या कामात पुराची रेषा पाहिल्याशिवाय एक पायरीही नव्याने बांधू नये.

आमच्या मागण्या अशा.

1) गोपाळपूरच्या जात्याचे कोरडे फिरवणे येत्या कार्तिकीच्या आत थांबवावे. हात लावू द्यावा, पण वरची तळी स्थिर ठेवावी. दोन तळ्यांमध्ये जाड लोकरी नमदा घालून त्यांचा परस्परांशी घसारा बंद करता येतो. वरची तळी उचलायला चार माणसे, पट्टे आणि लाकडी ओंडके वापरावेत. खुंट्याला धरून ती कधीही उचलू नये.

2) हात लावण्याआधी नोंद करावी. चारही बाजूंनी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे, टाकीचे घाव दिसावेत म्हणून तिरप्या प्रकाशात वेगळी छायाचित्रे, तीन ठिकाणी व्यास आणि जाडी, वजन, चिरांचे रेखाटन आणि त्रिमितीय प्रतिकृती. ही नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

3) पुटे काढायची असतील तर ती प्रशिक्षित जतनतज्ज्ञाकडूनच, पुजारी आणि सेवेकरी यांच्या संमतीने काढावीत. आधी दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यावर चाचणी करावी आणि थराचा नमुना जपून ठेवावा. पारंपरिक शेंदरात शिसे असते, म्हणून काम करणाऱ्यांना हातमोजे आणि मुखपट्टी द्यावी. आम्ल, सोडा, वाळूचा फवारा, तारेचा ब्रश, तैलरंग आणि सिमेंट यांना लेखी मनाई असावी. पूजा बंद करू नये. हळद-कुंकू आणि फुले वाहण्यासाठी पुढ्यात तांब्याचे ताट ठेवावे.

4) शेजारी दोन नवी जाती बसवावीत, एक जमिनीवर बसून दळण्याचे आणि एक म्हाताऱ्या माणसांसाठी गुडघाभर चौथऱ्यावर. ती दोन खुंट्यांची असावीत, म्हणजे दोघांना समोरासमोर बसता येईल. घडवण्याचे काम टाकारी आणि पाथरवट कारागिरांना द्यावे आणि त्यांचे नाव तिथे लिहावे. नव्या जात्यातून सुरुवातीला दगडाची कच येते, म्हणून पहिले काही किलो भरड दळून टाकून द्यावे. भाविकाच्या हातात मूठभर ज्वारी द्यावी. भाविकाने घास घालावा आणि दळावे. वारीच्या दिवसांत ही जाती लवकर बोथट होतील, तेव्हा वर्षातून निदान चार वेळा टाकी लावण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. पीठ रोज संध्याकाळी झाडून काढावे, नाहीतर मुंग्या आणि उंदीर मूळ जात्यापर्यंत येतील.

5) फलक आम्ही सुचवतो तसा असावा: ‘हे जाते संत जनाबाईंचे आहे असे परंपरेने मानले जाते. गोदाकाठच्या गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाई लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवांच्या कुटुंबात जन्मभर राबल्या. दळण, कांडण, झाडलोट करताना त्यांनी अभंग रचले. सुमारे साडेतीनशे अभंग त्यांच्या नावावर आहेत. विठ्ठल आपल्याबरोबर दळतो असे त्यांनी गायले. दगड जपण्यासाठी हे जाते फिरवू नये. शेजारच्या जात्यावर दळावे.’ खाली ‘सुंदर माझे जाते गे’ पूर्ण द्यावा. अक्षरे किमान 18 मिलिमीटर उंचीची असावीत. मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीतही मजकूर असावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तो एखाद्या बाईच्या आवाजात ऐकवावा.

6) जनाबाईंच्या अभंगांची स्वतंत्र चिकित्सक प्रत काढण्यासाठी एक छोटा संपादकगट नेमावा. त्यात हस्तलिखितांचे जाणकार असावेत तसे वारकरी कीर्तनकारही असावेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. आधी उपलब्ध बाडांची यादी, मग त्यांची रंगीत प्रतिमा, मग जशीच्या तशी नक्कल, आणि शेवटी पाठनिश्चिती. हा क्रम उलटू नये. घाईत आधी पुस्तक छापले की बाडे पुन्हा कपाटात जातात. संशयित अभंग गाळू नयेत, वेगळ्या विभागात कारणासह द्यावेत. ही प्रत युनिकोडमध्ये मोफत उपलब्ध करावी.

7) पंढरपूर आणि गंगाखेड तालुक्यांत जनीच्या ओव्या गाणाऱ्या बायकांच्या ध्वनिनोंदी यंदाच्या दिवाळीनंतर सुरू कराव्यात. सुगीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत बायकांना वेळ नसतो, हे धरून दिवस ठरवावेत. एक प्रत गावच्या शाळेत, एक प्रत गोपाळपुरात, आणि मूळ नोंद सरकारी संग्रहात ठेवावी.

8) चुन्याचे आणि दगडाचे काम कार्तिकी ते माघी या काळात करावे. पावसात चुना धुपतो आणि उन्हाळ्यात तो नीट मुरण्याआधी सुकतो. निविदेची मुदत या वेळापत्रकाला जुळवून काढावी. मार्चअखेर निधी खर्च करण्याच्या घाईत हे काम उरकू नये.

यातली पहिली, दुसरी आणि पाचवी मागणी जवळजवळ बिनखर्चाची आहे. त्यांना आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या मागणीसाठी एक नमदा, चार माणसे आणि विश्वस्तांचा एक ठराव पुरतो.

या पत्राला उत्तर जाहीर द्यावे. कोणती मागणी मान्य, कोणती नाही, नाही तर का नाही, आणि जात्याच्या जतनाची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे, एवढे चार मुद्दे त्यात असावेत. मोजमाप, नोंदी, बाडांची नक्कल आणि ध्वनिमुद्रण या कामांना आम्ही विनामोबदला हात लावायला तयार आहोत.

कळावे,
जाते, ओवी आणि संतवाङ्मयाच्या बाडांचे अभ्यासक